दोन हिरॉईनी आणि एक निरी

आमच्या घरात हिरॉईनींची नावं घेत नाहीत. एक आईची आणि एक मावशीची, एवढंच म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं. मीही इथं नावं घेणार नाही. घेतली तर वाचणाऱ्यांतही दोन तट पडतील आणि माझी गोष्ट बाजूला राहील. आईची ती कुरळ्या केसांची, कमी बोलणारी, डोळ्यांत पाणी आलं तरी मान ताठ ठेवणारी. मावशीची ती घाऱ्या डोळ्यांची, हसली की गालाला खळी आणि चिडली की समोरच्याच्या कानशिलात. दोघींचा जमाना एकच, आई-मावशीच्या तरुणपणीचा. पण दोघींनी मिळून एकही पिक्चर केला नाही. का केला नाही, याची आईकडे एक कहाणी आहे, मावशीकडे दुसरी, आणि दोन्ही कहाण्यांत समोरचीच जळत होती.

मी रिसोडला एका कृषी केंद्रात बिलं करते. पेरणीच्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. सोयाबीन गुडघ्याला लागलं की मात्र दुपारचं दुकानात कोणी फिरकत नाही. त्या दुपारी मी फोनवर आईच्या हिरॉईनचे व्हिडिओ बनवते. जुन्या पिक्चरांतले तुकडे काढायचे, रंग जरा उजळायचे, एखाद्या धुनेवर बसवायचे. तबल्याची थाप पडली की तिनं मान वळवली पाहिजे. जराशी आधी वळली तर गंमत गेली, जराशी नंतर वळली तर ती झोपेतून उठल्यासारखी दिसते. लोक म्हणतात, यात काय आहे, सगळं तर आयतं आहे. असं म्हणणाऱ्याच्या हातात मी फोन देते आणि म्हणते, घ्या, करून दाखवा. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

या व्हिडिओंचं एक पेज आहे. ते माझ्या नावावर आहे, पण मालकीण आई. प्रत्येक व्हिडिओ आधी तिला दाखवावा लागतो. ती तूर निवडता निवडता चष्मा वर सरकवते, पाहते, आणि म्हणते, "इथी लवकर कापलं तू. तिले रडू तं द्यायचं." मग मी घरच्यांच्या माहितीसाठी तोच व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवते.

हे वेड तिच्या माहेरचं. आई आणि मावशी मानोऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या, दोन वर्षांच्या अंतराच्या बहिणी. आई थोरली. पोहरादेवीच्या यात्रेत तंबूतला टॉकीज लागायचा आणि आजोबांचा कायदा असा होता की एका यात्रेला एकच पिक्चर. कोणता पाहायचा यावरून दोघी घरापासून तंबूपर्यंत भांडायच्या, आणि पाहून झाला की तो कसा होता यावरून तंबूपासून घरापर्यंत. आजोबा बैलगाडी हाकत गप्प बसायचे. आईनं केस कुरळे व्हावेत म्हणून ओल्या केसांच्या बारीक वेण्या घालून झोपायचं आणि मावशीनं गालावर खळी पडावी म्हणून पेन्सिलीचं टोक दाबून बसायचं. आईचे केस सरळच राहिले. मावशीच्या गालावर मात्र एक बारीक डाग आहे, आणि तो खळीचा आहे असं ती अजूनही सांगते.

लग्न होऊन आई रिसोडला आली, मावशी मानोऱ्यातच राहिली. पण आमच्या घरच्या महालक्ष्म्यांना मावशी दरवर्षी यायचीच. भादव्यात ज्या दिवशी महालक्ष्म्या बसवायच्या त्या दिवशी ती वाशीमला एसटी बदलून दुपारपर्यंत पोचायची. त्याला कारण होतं. धान्य भरलेल्या पत्र्याच्या कोठ्यांवर लुगडं नेसवणं सोपं नाही. कोठीला ना कंबर, ना पाय. लुगडं घसरतं, फुगतं, पोटावर गोळा होतं. मावशीच्या हातात मात्र अशी जादू आहे की तिनं निऱ्या घातल्या की वाटावं, थोरली लक्ष्मी आणि धाकटी, दोघी आताच चालत येऊन उभ्या राहिल्या. बारीक, सारख्या, एकीवर एक बसलेल्या निऱ्या. मुखवटे नंतर चढतात, पण आमच्याकडे महालक्ष्मी उभी राहते ती मावशीच्या निऱ्यांनी.

आणि भांडण झालं तेही निरीवरूनच. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशीनं नेसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून ती परत निघाली. ती गेल्यावर आईला थोरलीच्या निऱ्या फारच बारीक वाटल्या. तिनं त्या मोडून जरा रुंद करून पुन्हा घातल्या. कोणाला कळलं असतं? पण बाबांनी उभ्या आयुष्यात एकच स्टेटस ठेवला आणि तो नेमका त्याच संध्याकाळी. महालक्ष्म्यांचा फोटो, खाली हात जोडल्याची दोन चित्रं. मावशी एसटीत होती. वाशीमच्या स्टँडवर तिनं फोन उघडला, फोटो मोठा केला आणि तिथूनच आईला लावला.

"माह्या निऱ्या तू मोडल्या?"

"जराशा सारख्या केल्या व. मोडल्या कायले म्हणतं?"

"मंग मले एवढ्या लांबून कायले बोलावतं? तुह्या हातानंच नेसवत जाय."

फोन बंद झाला तो झालाच. लोकांकडे जमिनीवरून भांडणं होतात, त्यात पंच बसवता येतात. निरीच्या भांडणात कोणाला बसवणार? पुढच्या वर्षी मावशी आली नाही. आईनं एकटीनं नेसवलं. थोरलीच्या पोटाशी लुगडं फुगलं आणि धाकटीचं एका बाजूला उतरलं. दर्शनाला आलेल्या बायका काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत हेच आईला जास्त लागलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

बोलणं बंद झालं, पण स्टेटस पाहणं बंद झालं नाही. मी हिरॉईनचा व्हिडिओ ठेवला की पाहणाऱ्यांत पहिली मावशी असायची. आईनं हे हेरलं. एक दिवस ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "ते नाही काय, ते पेटी उचलून घरातून निघून जाते आणि मांगं वळून पाहत नाही? ते लाव."

"कशासाठी?"

"तू लाव. जिले समजायचं तिले समजते."

मी लावलं. दुसऱ्या दिवशी मानोऱ्याहून उत्तर आलं. मावशीचा मुलगा, माझा दादा, लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवतो. त्याच्या स्टेटसला मावशीची हिरॉईन खिडकीत उभी होती. तिनं बाहेर पाहिलं, खळी पाडून हसली आणि खिडकी धाडकन लावून घेतली. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. दादाच्या हातून काहीही निघालं तरी त्यावर पाकळ्या पडतात आणि कोपऱ्यात चांदण्या लुकलुकतात. त्याला त्याशिवाय व्हिडिओ पुरा झाल्यासारखा वाटतच नाही.

आईनं तो दोनदा पाहिला. "हे फुलं कायची पडून राह्यली? लगन लागून राह्यलं काय तिचं?"

तिथून जे सुरू झालं ते वर्षभर चाललं. आईची हिरॉईन एकटीच बसून शांतपणे जेवायची, म्हणजे आमचं कोणावाचून अडत नाही. मावशीची हिरॉईन लगेच मोठ्या पंगतीत वाढायची, म्हणजे आमच्याकडे माणसांची कमी नाही. आईचीनं जुनं पत्र चुलीत टाकलं की मावशीची आरशापुढे बसून केस विंचरायची. पेजवरच्या अनोळखी लोकांना यातलं काय कळणार? एकानं विचारलं, ताई, ही प्रत्येक व्हिडिओत घर सोडूनच का चालली आहे? मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याले म्हणा, घरच्यांले विचार."

मला मजा येत होती, हे कबूल केलं पाहिजे. कोणत्याही मालकिणीनं इतकं काम दिलं नसेल. पण एकदा सलग दोन दिवस मावशीनं स्टेटस पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आईचा फोन आला, "पाह्यला का तिनं?" मी नाही म्हटलं. "दादाले विचार बरं. सहजच. मी इचारलं म्हणू नको." दादा म्हणाला, ताप आहे, अंगावर पांघरूण घेऊन पडली आहे. आईनं ते ऐकलं आणि त्या संध्याकाळी तिनं स्वतः शोधून दिलेला तुकडा मी लावला. तिची हिरॉईन कोणाच्या तरी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते आहे. गाणं नाही, धून नाही, नुसती पट्टी पिळते आणि ठेवते. मावशीनं पाहिला. दुसऱ्या दिवशी मानोऱ्याची हिरॉईन पलंगावर उठून बसली आणि हसली, पाकळ्यांशिवाय. मग चार दिवसांनी भांडण पुन्हा रीतसर सुरू झालं.

या वर्षी भादवा जवळ आला तरी आई महालक्ष्म्यांचं नाव काढेना. मी म्हटलं, मावशीला बोलाव.

"तिचं घर हाय. तिले बोलावणं कायले पायजे?"

मी दादाला फोन केला. मागून मावशीचा आवाज आला, "बिना बोलावण्याची मी कोणाच्या दारात जात नाही, सांग तिले."

दोघींच्या हट्टाचा मला इतका राग आला की मी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला युरियाऐवजी फवारणीच्या औषधाचं बिल दिलं. यंदाही मावशी आली नाही तर ती पुढे कधीच येणार नाही, हे मला दिसत होतं. दोन वर्षं गेली की न येण्याचीच सवय पडते. आई आता लुगड्यांकडे पाहतही नव्हती. माझी आई, जी भादवा लागायच्या आधी लुगड्यांचे रंग ठरवायची.

मग मी आणि दादानं ठरवलं की या दोन हिरॉईनींची भेट घडवायची. त्या आयुष्यात एका पडद्यावर आल्या नाहीत, तर आम्ही आणू. दादानं मावशीच्या हिरॉईनचे तुकडे पाठवले, आईचे माझ्याकडे होते. काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. एकीनं उजवीकडे पाहिलं तर दुसरीनं डावीकडे पाहिलं पाहिजे, नाहीतर दोघी एकाच भिंतीकडे पाहत बसतात. एक पिक्चर पिवळट, दुसरा निळसर, म्हणून दोन्ही काळे-पांढरे केले. तरी मावशीची नको त्या बाजूला पाहत होती. मी तो तुकडा आरशासारखा उलटा केला आणि नजर बरोबर जुळली. मला वाटलं, जमलं.

आईनं पाहिलं. व्हिडिओ असा होता. आईची हिरॉईन दुरून चालत येते, दारावर थाप मारते. मावशीची हिरॉईन दार उघडते. दोघी एकमेकींकडे पाहतात.

"हिचा पदर उजव्या खांद्यावर काहून गेला?" हे पहिलं. तुकडा उलटा केला म्हणजे पदरही उलटा होणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आईला मात्र दाराआधी पदर दिसला.

आणि दुसरं, "माही काहून जाईन तिच्या दारात? थोरली हाय ते."

पडद्यावर कोण थोरली, कोण धाकटी, हे कोणी कधी ठरवलं, कोण जाणे. पण मुद्दा कळला. मी दादाला सांगितलं, उलटं कर, मावशीची येऊ दे, आईची दार उघडू दे. त्यानं तसं करून मावशीला दाखवलं. मावशी म्हणाली, "माही थाप मारणार नाही. बोलावलं काय तिनं?"

म्हणजे आता पडद्यावरही बोलणं बंद. दादा म्हणाला, सोडून दे बापा, मी दोघींवर पाकळ्या टाकतो. मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

त्या रविवारी मी पडवीत बसून तेच तुकडे पुन्हा पुन्हा फिरवत होते. सरळ पदर असलेला, नजर बरोबर असलेला मावशीच्या हिरॉईनचा एक तुकडा सापडला होता. त्यात ती उंबऱ्यात उभी आहे, पायापर्यंत दिसते आहे. आई मागून येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहिलं तिनं.

"थांबव," ती म्हणाली. मी थांबवलं. "निऱ्या पाय तिच्या. कशा बारीक हायेत. तुही मावशी अशाच घालते." मग फोनजवळ वाकून म्हणाली, "मले तवा लय बारीक वाटल्या. पण त्याच बरोबर होत्या."

मी नजर फोनवरच ठेवली. बोलले असते तर ती उठून गेली असती.

"ते थाप मारते ते काढून टाक," आई म्हणाली. "दार उघडंच ठेव."

मी थाप काढली. दार बंद असलेला सगळा तुकडाच काढला. आता एक चालत येते, दार उघडं आहे, दुसरी उंबऱ्यात उभी आहे, आणि दोघी पाहतात. कोण कोणाकडे आली, हे कोणालाच सांगता येणार नाही. घर आईचं की मावशीचं, तेही नाही. इतक्या वर्षांत मी बनवलेला हा सगळ्यात चांगला व्हिडिओ आहे आणि त्यातला सगळ्यात चांगला कट माझा नाही, आईचा आहे.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी मी तो स्टेटसला ठेवला. दादानंही ठेवला. मग मी वाट पाहत बसले. मामा, काका, दुकानाचे मालक, आईची भजनातली मैत्रीण, सगळ्यांनी पाहिला. मावशीनं नाही. दहा वाजले, अकरा वाजले, मावशी नाही. दादाला फोन लावला तर तो कोणाच्या तरी साखरपुड्याच्या शूटिंगला गेलेला, फोन उचलेना. व्हिडिओ पाहून ती आली नसती तर मी समजले असते. पण ती पाहतही नव्हती.

आतल्या खोलीत कोठ्या उभ्या होत्या, नुसत्या पत्र्याच्या. बाजूला पाटावर दोन लुगडी घडी घातलेली, एक हिरवं आणि एक जांभळं. आई स्वयंपाकघरात भाज्या चिरत होती आणि त्या खोलीकडे जात नव्हती. बाबा दोनदा येऊन म्हणाले, "वेळ होऊन राह्यली. नेसवून घे ना." आई दोन्ही वेळा म्हणाली, "नेसवते ना." आणि पुन्हा भाजी घेतली. उद्याच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या कधीच्या चिरून झाल्या होत्या. ती आता नुसती कोथिंबीर बारीक करत होती.

दुपारी ऊन पडवीत आलं होतं. पुढचं दार सकाळपासून उघडं होतं. ते आईनं उघडं ठेवलं होतं आणि वाऱ्यानं लागू नये म्हणून त्याला वरवंटा लावला होता. त्या दारातून मावशी आत आली. हातात पिशवी, कपाळावर घाम. थाप नाही, हाक नाही. चपला काढल्या, मोरीत पाय धुतले आणि सरळ आतल्या खोलीत गेली.

आई विळीवरून उठली. हातावर कोथिंबीर तशीच.

"व्हिडिओ पाहिला?" मी विचारलं. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"कायचा व्हिडिओ?" मावशी म्हणाली. "माहा फोन घरीच चार्जिंगले राह्यला. पहाटची गाडी होती." मग आईकडे न पाहता लुगड्याची घडी उलगडत म्हणाली, "मागच्या साली तुह्या पोरीनं फोटो टाकला होता ना. लक्षुमीचं लुगडं असं ठेवते काय कोणी? धाकटीचं तं घसरूनच राह्यलं होतं. मले वर्षभर तेच दिसून राह्यलं. बोलावणं तुह्यं नसलं तं नसलं. हिचं आलं." तिनं मानेनं कोठीकडे दाखवलं.

म्हणजे माझा तो जिवापाड बनवलेला व्हिडिओ मावशीनं पाहिलाच नव्हता. मला वाईटही वाटलं आणि इतका आनंद झाला की मी कोपऱ्यात जाऊन उगाच समया पुसायला लागले.

मावशीनं धाकटीला जांभळं नेसवलं. तिची बोटं पहिल्यासारखीच चालत होती, निरी धरायची, दाबायची, पुढची धरायची. आई दारात उभी राहून पाहत होती, आत येत नव्हती. मग थोरलीचं हिरवं सुरू झालं. मावशी निऱ्या घालत आली, घालत आली, आणि शेवटाला थांबली. हातात थोडं कापड सुटं ठेवून ती मागे वळली.

"ये व ताई. एक ठेवली हाय तुह्यासाठी."

आईनं हात पदराला पुसले. आत येऊन बहिणीच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि शेवटची निरी घातली. ती निरी बाकीच्यांपेक्षा जरा रुंद झाली. आईनं ते पाहिलं, मावशीनंही पाहिलं. आई ती मोडायला गेली तर मावशीनं तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "राहू दे. चांगली दिसून राह्यली."

दोघी तशाच बसल्या होत्या, एकीचा हात दुसरीच्या हातात. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तेवढ्यात बाबा आले, दोन्ही महालक्ष्म्या पाहून खूश झाले आणि खिशातून फोन काढून फोटोसाठी समोर धरला.

"ठेवा तो फोन," दोघी एकदमच म्हणाल्या.